मोतीरामच्या झडत्यांची कॅसेट

हॅलो?… हॅलो, मतीनचाचा? आवाज येऊन राह्यला का?… मी अन्नपूर्णा. अमडापूरहून… अन्नपूर्णा, चाचा! मोतीराम झडतीवाल्याची पोरगी… हाव, हाव, तीच.

तब्येत बरी हाये ना?… अन् चाची?… गुडघे? रुईची पानं गरम करून बांधा म्हना… हाव, मी माहेरी आली. परवाच आली. उद्या पोळा ना.

चाचा, तुमाले पेपरसाठी बातमी द्याची होती… अहो, ऐका तं खरं! आधीच काऊन नाई म्हनता?… पोळ्याची नोको? दरसाल तेच, झूल अन् बेगड अन् पुरनपोळी… हाव, मले बी समजते ते. पन यंदा आमच्याकडं बैलच नाईत. बाबाच्या वक्ती आखरावर शंभर जोड्या उभ्या राहत, यंदा मोजून चौदा. आमच्या ज्ञानेश्वरनं बी उन्हाळ्यात इकले… हाव, भाऊच माहा. आता म्हने तोरनाखाली ट्रॅक्टर लावनार हायेत, फुगे बांधून… मांगच्या साली छापली? मेहकरची?… बरं बापा.

मंग दुसरी घ्या. सुभद्राबाई कुंभारीन. ज्याच्या घरी बैल नाई, तो पूजेले मातीचे नेते. यंदा इतके गेले, इतके गेले का तिले दोन डाव माती आना लागली. मले म्हने, "बाई, धंदा झाला अन् रडू बी येते"… पाहा! आवडली ना! लिवून घ्या मंग. सु-भ-द्रा… हाव, मारोतीच्या देवळामांगं घर हाये.

अं?… नाई नाई, एवढ्यासाठीच केलता फोन…

खरं सांगू? एवढ्यासाठी नाई केला.

बाबाची क्यासेट, चाचा… तुमी भरली होती ना. बीटी कपाशी नवी नवी आली, त्या साली. पोळ्याले. बाबा तोरनाखाली सोता जोडलेल्या झडत्या हेल काढून म्हनत होता अन् तुमी तो काळा टेप त्याच्या तोंडाशी धरला. बाबा म्हने, "मतीन, तोंडात घालतं का बे?"… हासता काय! सारा गाव हासला होता.

तं आता असं ठरलं, उद्या तोरनाखाली तीच वाजवाची. देवळाच्या भोंग्यावर. बाबाले जाऊन दहा महिने झाले, त्याच्याबिगर पयला पोळा हाये. सरपंचाले इचारलं, हाव म्हने. मशीन बी भेटली, वाहेदभाऊच्या दुकानात माळ्यावर पडून होती. ज्ञानेश्वर सकाळच्या पयल्या एस्टीनं बुलढान्याले येते, तुमच्या घरून क्यासेट घेते अन् पोळा भरायच्या आत…

हॅलो?… चाचा?… रेंज गेली का?

हायेत ना? मंग बोला ना काई.

सापडत नाई का?… कपाटात पाहा. नाई तं चाचीले इचारा. निळ्या शाईनं बाबाचं नाव लिवलं होतं तुमी तिच्यावर, माह्या डोळ्यासमोर…

पुसली म्हंजे?

नाई, पुसली म्हंजे काय? क्यासेट हाये का पाटी हाये?… तिच्यावर दुसरं भरलं. काय भरलं?… सभा. कोनाची सभा?… तुमालेच आठवत नाई.

हाव… हाव. आफिसातून महिन्याले दोनच भेटत. बातमी छापली का पुसाची अन् दुसरं भराचं. समजलं… हाव, सगळेच तसं करत, समजलं चाचा.

पन तुमाले केव्हा मालूम झालं?… त्याच साली?

थांबा. थांबा जरा. बाबाच्या तेरवीले तुमी आमच्या ओट्यावर बसले होते. माह्या डोक्यावर हात ठेवून म्हनलं, "बेटी, रडू नोको, तुह्या बापाचा आवाज माह्याजवळ जपून ठेवला हाये." म्हनलं का नाई?… मंग त्या रोजी बी तुमाले मालूम होतं?

मी रडत होती म्हनून.

मंग रडू द्याचं होतं ना चाचा! अजून चार रोज रडली असती, काय झालं असतं? दहा महिने काढले मी त्या एका क्यासेटवर. सासरी सासू म्हने, बाई, मेल्या मानसाले किती धरून बसशीन. मी मनात म्हनत होती, माहा बाप बुलढान्याले हाये. कपाटात हाये.

नाई, रागावली नाई… रागावली. लय रागावली. शिव्या द्याव्या वाटते तुमाले अन् देता येत नाई, बाबाचे दोस्त पडले तुमी. वीस वर्स दर पोळ्याले आले, पान्यापावसाचे फटफटीवर आले. दुसरा कोनता पेपरवाला येत होता आमच्या गावाले?

आता तुमी काऊन रडता?… पानी प्या. चाची हायेत ना जवळ? प्या मंग.

माही पोरगी हाये ना लहानी, तिनं आज्याले बोलताना ऐकलंच नाई कधी. बाबाच्या घशाचं आपरेशन होऊन आवाज गेला, तवा ती पोटात होती. तिच्यासाठी आजा म्हंजे पाटीवर लिवनारा मानूस. काल मीच तिले सांगतलं, आजा पोळ्याले भोंग्यातून बोलनार हाये. तवापासून तीन डाव देवळापाशी जाऊन आली. वर पाहत उभी राह्यते.

लिवता?… मोठं लिवता, फोटोसंग?… फोटो नोको. आवाज कसा होता, ते लिवा… पहाडी? सगळ्याईलेच पहाडी लिवता तुमी… नाई, भारदस्त बी नाई. तसा नव्हता तो. आधी खाकरे. मंग एक हात कानावर ठेवे. मंग… मंग असा…

थांबा, म्हनूनच दाखवते. बाया नाई म्हनत झडत्या, पन घरात कोनी नाई आता. ऐका.

पाकिटावर बोंड नारळाएवढं,
वावरात बोंड बोराएवढं,
पाकीटवाला म्हने, अळी आपोआप मरते,
मंग माह्या पाठीवर फवारा काऊन चढते?
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

हाव, हीच. कृषी केंद्रवाला समोरच उभा होता, त्याले बी हासा लागलं… हाव, सारी पाठ हाये. एक शब्द नाई चुकला.

पन चाचा, हा माहा आवाज हाये. त्याचा कुठी हाये याच्यात?

मी त्याच्यासारखं म्हनाले गेली अन्… मले आठवूनच नाई राह्यला. खाकरनं आठवते. पाटीवर पेन्सिल कुरकुर करे, ते आठवते. तो आवाज नाई आठवत. क्यासेट हाये म्हनून मी कधी आठवून पाह्यलाच नाई! रोज थोडा थोडा आठवला असता तं राह्यला असता ना चाचा? राह्यला असता ना?…

नाई, तुमी नोका बोलू. माफी बी नोका मांगू. जरा चूप राहा. फोन असाच धरून ठेवा, कोनी काई बोलू नोका. मी डोळे मिटते… येते का पाह्यते…

…

…

नाई येत, चाचा.

ठेवते.