पोपटाचा स्वतःचा जीव

"हॅलो?… हो, मीच… नाही गं, गेलं नाही अजून ते पार्सल. इथंच आहे, माझ्या मांडीवर."

छापखान्याच्या माडीवर मुद्रितं तपासणाऱ्या काकूंनी रिसीव्हर मानेशी दाबला आणि मोकळ्या बोटानं पान धरून ठेवलं. दारातल्या स्टुलावर कुरिअरवाला खाली मान घालून बसला होता. मालकिणीला फोन करून चुगली यानंच केली, हे काकूंनी ओळखलं.

"अगं ऐक ना… हो, पत्र वाचलं मी. 'साभार परत.' … हो बाई, तुझी सही दिसतेय मला."

काम खरं तर दहा मिनिटांचं होतं. परत पाठवायच्या कादंबरीच्या हस्तलिखिताची चारशे दहा पानं मोजायची, वर ते पत्र ठेवायचं, पाकीट चिकटवायचं. पण काल दुपारी मोजता मोजता त्यांची नजर एका ओळीवर पडली आणि मोजणी तिथंच राहिली. रात्रीपुरतं बाड कपाटात ठेवायचं जिवावर आलं होतं. आज सकाळचा चहाही टेबलावर साय धरून बसला होता.

"परीक्षक काय म्हणतात?… सगळं उसनं?… अगं, आहेच. खोटं कुठं बोलतायत ते. सात दरवाज्यांचा किल्ला जुना, बोलणारी तलवार जुनी, राक्षसाचा जीव पोपटात, तेही जुनंच… हो, हो… पण पुढचं ऐकशील की नाही?"

मालकीण ऐकायला तयार नव्हती. वडिलांच्या खुर्चीत बसून तिला जेमतेम वर्ष झालेलं. तिनं काढलेल्या पहिल्याच कादंबरीला लोक नक्कल म्हणाले, तर वडिलांनी कमावलेलं नाव मातीत जाईल, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. काकूंनी तिला बोलू दिलं. बावीस वर्षांत ऱ्हस्व-दीर्घापलीकडे त्यांनी कुठल्याच पुस्तकाबद्दल तोंड उघडलं नव्हतं. आज मात्र त्यांनी हवं ते पान काढून समोर धरलं.

"झालं बोलून?… मग एवढंच ऐक. राजकन्या सातवा दरवाजा उघडते, पिंजऱ्यात हात घालते… मान मुरगाळायला, दुसरं काय… आणि पोपट बोलतो. थांब, वाचतेच. 'त्याचा जीव माझ्यात आहे, हे सगळ्यांना ठाऊक. मग माझा जीव कुठं आहे, हे कुणी विचारलं का?'"

काकूंनी पान मांडीवर टेकवलं.

"हॅलो?… आहेस ना?… बघ, तूही गप्प झालीस. लहानपणापासून ऐकतोय गं आपण ही गोष्ट. शंभरदा त्या पोपटाची मान मुरगाळली आणि टाळ्या पिटल्या. कधी आलं मनात?… मलाही नाही आलं."

मग काकू सुटल्याच. राजकन्या पिंजऱ्यापाशी फतकल मारून कशी बसते, बाहेर बापाचं सैन्य कसं ओरडत राहतं, पोपटाचा जीव शोधायला ती तेच सात दरवाजे उलटे कसे ओलांडते, हे त्यांनी एका दमात सांगितलं. चष्मा नाकावरून घसरला तरी त्यांना भान नव्हतं. कुरिअरवाला स्टूल दोन हात पुढं सरकवून बसला होता.

"उसनं, उसनं काय लावलंयस. गोधडी जुन्याच कापडाची असते. म्हणून ऊब कमी लागते का?… हसतील? हसू देत. माझं नाव सांग… हो, छापायला ही काकूंनी निवडली म्हणावं. चुकलं तर मुद्रितांना दुसरी बाई बघ… नाही गं, चेष्टा नाही करत."

एवढं बोलून त्या थांबल्या. हे टेबल, ही खिडकी, ही तांबडी पेन्सिल, सगळंच एका वाक्यात पणाला लावलं होतं.

"काय?… परत म्हण… फाडू? नक्की?"

त्यांनी पत्राचे दोन तुकडे केले, मग चार. कुरिअरवाल्याला हातानंच खूण केली, आज काही न्यायचं नाही. तो मोठ्या नाखुशीनं उठला.

"फाडलं… हो, लेखकाचा नंबर आहे पहिल्या पानावर. तूच कळव त्याला, शोभेल ते… आता काय?… पोपटाचं पुढं काय होतं?… अगं, मला तरी कुठं ठाऊक? तू फोन केलास तेव्हा शेवटची तीस पानं उरली होती… नाही, फोनवर नाही वाचणार. यायचं तर जिना चढून ये… बरं, ठेव आता. ठेव म्हणते ना."