गैरअर्जदाराच्या नावाची कोरी जागा

अर्जदार दिगंबर केशव पोहनकर, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, राहणार पुरानी बस्ती, रायपूर. घटनेचे ठिकाण याच शहरातली मुलांची एक बोर्डिंग, जी आता बंद आहे, म्हणून तिचं नाव घालून कोणाला त्रास देत नाही. घटनेची वेळ नववीच्या परीक्षेआधीची भर दुपार. साक्षीदार पहिली सुखबती बाई, बोर्डिंगची स्वयंपाकीण. साक्षीदार दुसरी माझी फूलदाई, ती कोण ते पुढं येईलच, जी आता हयात नाही, तरी तिची साक्ष मी पक्की धरतो. आता गैरअर्जदाराचं नाव. ती जागा कोरी सोडा. हव, कोरी. मी लपवून राहिलो असं नाही, मले ते नाव घेताच येत नाही, अन् काहून येत नाही तेच तर तुम्हाला सांगायचं आहे. स्वतःचा अर्ज स्वतः लिहू नये म्हणून तुमच्या टेबलावर आलो; तुम्ही फक्त लिहीत जा, मधात दुरुस्ती करू नका, अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली आहे.

आमचं घराणं भोसल्यांच्या फौजेसोबत या मुलखात आलं. लहानपणी मी आजोबांना विचारलं, फौजेत आपण काय करत होतो, तर ते म्हणाले तंबू शिवत होतो. तोच धंदा पुढं डोंगरगढला माझ्या वडिलांच्या शिलाई मशीनपर्यंत आला. वडिलांची एकच इच्छा होती की घराण्यात एकानं तरी सुईऐवजी पेन धरावा, म्हणून त्यांनी मले रायपूरच्या बोर्डिंगमध्ये टाकलं, नवा शर्ट स्वतः शिवून, तोही दोन बोटं ढगळ, की पोट्टा वाढेल.

त्या ढगळ शर्टापायी पोट्ट्यांनी मले तंबू हे नाव दिलं. त्यांना आमचा इतिहास माहीत नव्हता, तरी नेमकं तेच दिलं, काय सांगू तुम्हाला! रोज कोणी शर्टात पाणी ओते, कोणी उंदीर सोडे. तेव्हा एक धिप्पाड पोट्टा उठला, आरंगकडच्या एका गावच्या गौंटियाचा, म्हणजे मोठ्या जमीनवाल्याचा मुलगा, अन् म्हणाला, आज से ये मेरा आदमी है. संपलं. त्या दिवसापासून कोणी बोट लावलं नाही. मले वाटलं देवच पावला.

मग रथयात्रा आली. जगन्नाथाच्या रथापुढे भिजवलेल्या मुगाचा प्रसाद वाटतात, त्याला इकडे गजामूंग म्हणतात. त्यानं आपल्या हातचे मूग माझ्या तोंडात घातले, मी माझे त्याच्या तोंडात घातले, अन् तो म्हणाला, सीताराम गजामूंग. मले वाटलं प्रसाद आहे, खाऊन टाकला. पण छत्तीसगढमध्ये असे मूग एकमेकांना खाऊ घातले की जन्मभराची मितानी होते, म्हणजे भावापेक्षा पक्की मैत्री. अन् मितानाचं नाव पुन्हा कधी तोंडानं घ्यायचं नाही, लिहायचंही नाही. त्याला गजामूंग म्हणूनच हाक मारायची. हा खरा नियम.

त्यावर त्यानं आपल्या मनाचे नियम जोडले. मितानाचे कपडे मितानानं धुवायचे. मितानाला आपल्या वाटचं तूप द्यायचं. मितानानं दुसरा दोस्त करायचा नाही. मी शिंप्याचा मराठी पोट्टा, मले काय माहीत खरं कोणतं अन् जोडलेलं कोणतं? सगळंच पाळलं. तो मले मारे, अन् मग स्वतःच हळद गरम करून लावे, अन् लावताना रडे. मी त्याले म्हणत होतो, रडू नको गजामूंग, दुखत नाही मले. आणि खोटं कशाला बोलू, हळद लावताना तो इतक्या मायेनं लावे की मार विसरून जाई.

एके दिवशी मी दुसऱ्या एका पोट्ट्यासोबत कॅरम खेळलो. एवढाच गुन्हा. भर दुपारी त्यानं मले न्हाणीघरावरच्या सिमेंटच्या टाकीवर चढवलं अन् शिडी काढून घेतली. पायात चप्पल नाही, टाकी तव्यासारखी तापलेली. मी एक पाय उचलू, मग दुसरा उचलू, अन् खाली सगळे टाळ्या वाजवून राहिले, नाच तंबू नाच. हेडमास्तर झोपेतून उठून आले. मले उतरवलं, सगळ्यांना रांगेत उभं केलं अन् विचारलं, किसने किया? रांगेतला एकही बोलला नाही, त्याच्या भीतीनं. अन् मले नाव घेता येत नव्हतं. मी म्हणालो, सर, गजामूंग ने किया. हेडमास्तर परगावचे होते, त्यांना वाटलं पोट्टा थट्टा करून राहिला. माझा गजामूंग समोर उभा होता, हाताच्या अंतरावर. त्यानं फक्त हात वर करायचा होता. नाही केला.

थट्टा केली म्हणून शाळेतून माझं नाव कटलं. वडील न्यायला आले तेव्हा सुखबती बाईनं फाटकापाशी थांबवून मले विचारलं, नाव नइ लेना हे, त फूलदाई ला काबर नइ बताए बाबू? म्हणजे नाव घ्यायचं नाही, तर फूलदाईला का नाही सांगितलं? फूलदाई म्हणजे मितानाची आई. तिच्याजवळ मितानाची तक्रार करायला पूर्ण मोकळीक असते. ते एक कलम मले कोणी शिकवलंच नव्हतं!

बाईनंच तिला निरोप धाडला. ती पोतंभर तांदूळ अन् लुगडं घेऊन रेल्वेनं डोंगरगढला आली, माझे पाय मांडीवर घेऊन बसली, अन् पोराला आमच्या दारात उभं करून चपलेनं असं हाणलं की माझे वडील सोडवायला धावले. पण शाळा गेली ती गेली. एवढं डोळ्यांनी पाहूनही वडील जाईपर्यंत म्हणत राहिले, दिगंबरचं अभ्यासात मन नव्हतं. हे मले टाकीपेक्षा जास्त भाजते.

बाकी तक्रार नाही. पेन तर धरलाच! आज कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलावरून उठणारा अर्ज साहेब दोनदा वाचतात. फूलदाई गेली तेव्हा आम्ही दोघांनी सोबत मुंडण केलं. दर सणाला त्याच्याकडून तांदूळ येतात, माझ्याकडून चिवडा जातो. टाकीचा विषय मात्र तो कधी काढत नाही.

मागच्या आठवड्यात तो टेबलापाशी आला, पोट सुटलेलं, गुडघे धरून. सीताराम गजामूंग. म्हणाला, पोरीचं लग्न आहे, मंडपात माझ्या बाजूला तुले बसायचं आहे. माझा मुलगा समता कॉलनीतल्या दवाखान्यात कामाला आहे, तो म्हणाला, पापा, जिसने आपकी पढ़ाई छुड़वाई, उसके यहाँ नाचोगे? मी म्हणालो, हव, नाचीन, अन् या वेळी चप्पल घालून नाचीन.

तरी सदर अर्जाद्वारे नम्र विनंती की, गैरअर्जदारानं मंडपात बसण्यापूर्वी, माझी पत्नी व मुलगा यांच्या समक्ष, त्या दुपारी हात वर का केला नाही याचं उत्तर द्यावं. उत्तर तोंडी चालेल. मात्र वर सोडलेली कोरी जागा त्यानं आपल्या हातानं, आपलं पूर्ण नाव लिहून भरावी, कारण ते काम या जन्मी माझ्यानं होत नाही. उत्तर न आल्यासही अर्जदार लग्नास हजर राहील, पोरीला पोटभर आशीर्वाद देईल, आणि हा अर्ज खिशात घेऊन बापाच्या बाजूला बसेल. सोबत पेन आणील.