बिनपाण्याचं इंजिन

दिशा : एकशे बावन्न. आप्पा, देवराई गाव सोडल्यापासून तेवढ्यावरच आहे. मस्त चाललंय.

रंगनाथ : काय? मोठ्यानं बोल बाय. बावीस वरसं ह्या टमटमच्या आवाजात काढली, डावा कान कामातनं गेलाय.

दिशा : एकशे बावन्न म्हटलं! इंजिनाच्या हेडला सेन्सर बसवलाय ना मी, किती अंश तापलंय तो आकडा इथे दिसतोय. दोनशेच्या वर गेला की लगेच थांबायचं. कबूल करा, नाहीतर आत्ताच पिकअप बोलावते आणि हिला वर चढवून नगरच्या आयटीआयला नेते.

रंगनाथ : पिकअपमधी बाजारची जनावरं जात्यात. ही आपल्या पायानं तिसगावला आल्ती, आपल्या पायानं जाईल. आयटीआयच्या पोरांनी खुशाल खोलावी, बघावी, शिकावी. पन आदी तिला चालत येताना बघावी.

दिशा : पोहोचली तर बघतील. अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती. दोन रविवार मी नुसती तिच्या फिन्समधली माती खरवडत होते. कोंबडीची पिसं निघाली आतून.

रंगनाथ : तू सुप्याच्या कंपनीत एवढी मोठी इंजिनं तपासतीस, तुला मातीचं काय? आमी तर दर शनिवारी खरवडायचो. त्या पट्ट्यांच्या मधनं वारं फिरलं न्हाई तर इंजिनाला श्वासच न्हाई.

दिशा : आई, तू का एवढी पार शेवटच्या बाकड्यावर? पुढच्या बाकड्यावर ये की, आमचं बोलणं तरी ऐकू येईल.

छबूबाई : बरी हाय मी हितं. वारं लागतंय.

रंगनाथ : एकेकाळी पुढचं बाकडं तिचंच हुतं. माझ्या पाठीला पाठ लावून बसायची. तुझा हा आकडा आत्ता आला दिशे. आमचा मीटर म्हंजे तुझी आई.

छबूबाई : झालं ह्यांचं सुरू.

रंगनाथ : खोटं बोलतो का? अगं, जीपला रेडिएटर असतो. तापली की वाफ सोडती, बोंबलून सांगती. ही बिनपान्याची. पंखा आन् वारं, बस. कितीबी तापली तरी तोंडातनं शब्द न्हाई. एकदम पिस्टन धरती आन् जागेवर उभी. इंजिन माझ्या सीटखाली, म्हनून तुझी आई सीटमागच्या पत्र्यावर हात ठिवायची. हात ठिवून धा मोजायची. धापत्तुर हात टिकला तर चालू द्या. पाचावरच उचलला तर खालचा गेर. आन् ठिवताच आला न्हाई तर...

छबूबाई : थांबा.

रंगनाथ : बघ! इसरली न्हाई.

दिशा : खालचा गिअर बरोबरच आहे. इंजिन जोरात फिरतं, पंखा जोरात फिरतो, वारा जास्त मिळतो. लोकांना वाटतं वरच्या गिअरमध्ये इंजिनाला आराम मिळतो. आमच्याकडे नवीन इंजिनिअरनासुद्धा हे सांगावं लागतं.

रंगनाथ : तुझ्या आईला कोनी सांगितलं न्हवतं. हातानं शिकली.

छबूबाई : हातानं न्हाई काय. मला तर मोजता बी येत न्हवतं धड. सहाच्या पुढं चुकायची. करंजीच्या शाळंच्या अंबिकाबाई रोज यायच्या आपल्या टमटमला. त्यांनी बघितलं मी ओठ हलवत बसती. मग पत्र्यावरच्या धुळीतच बोटानं आकडे काढून दाखवले. रोज एक. तिसगाव ते करंजी, तेवढीच माझी शाळा.

दिशा : हे मला कधी सांगितलं नाहीस तू.

छबूबाई : तू कधी इचारलं?

रंगनाथ : किती मान्सं बसायची ह्या बाकड्यांवर! सहा मान्सांची गाडी, पन बाजारच्या दिसी चौदा. दुधाच्या किटल्या टपावर, मेथीच्या जुड्या पायात. बायका दुसऱ्या गाडीला हातच करायच्या न्हाईत. छबू बसलीय का बघायच्या आन् मगच चढायच्या. मढीच्या जत्रंला तर एक नवरी नेल्ती, आठवतंय का? शालू पत्र्याला लागून करपंल म्हनून तू तिच्या पाठीमागं गोनपाट लावलं हुतं.

छबूबाई : आपल्या गावच्या वाल्मिकची बायको ती. आता तिला सून आली.

दिशा : आप्पा, घाट लागला. एकशे अडुसष्ट.

रंगनाथ : दुसरा टाकतो. केवढा रुंद केला रं हा घाट! आदी एक एस्टी आली की आमाला कठड्याला चिकटायला लागायचं.

दिशा : एकशे ऐंशी. मागून ट्रेलर येतोय, जाऊ द्या त्याला. घाई करू नका.

रंगनाथ : घाई कसली? माझ्यापरीस बैलगाडी म्होरं जाईल.

दिशा : एकशे त्र्याण्णव. वारा मागून आहे, त्यामुळे वाढतंय. एकशे अठ्ठ्याण्णव. आप्पा, पुढच्या वळणाला जागा आहे. दोनशे दोन. आप्पा, थांबा!

रंगनाथ : थांबलो. थांबलो बाय. वराडू नको.

(टमटम वळणाच्या कडेला उभी. इंजिन संथ चालू.)

दिशा : बंद करू नका लगेच.

रंगनाथ : मला शिकवतीस? बंद केलं की पंखा बंद, मग आतली धग आतच. निवू दे सावकाश. आन् ती पान्याची बाटली तिकडं ठिव. तापल्या हेडावर थेंब पडला तर तडकंल.

दिशा : प्यायला काढली हो. एकशे नव्व्याण्णव. उतरतंय. खरं सांगू? तुम्ही एवढ्या पटकन थांबाल असं वाटलं नव्हतं.

छबूबाई : आकड्याचं ऐकत्यात. तवा माझाच हात चुकला, त्यांनी तरी काय ऐकावं?

दिशा : तेव्हा म्हणजे? मला ताप होता आणि इंजिन जळालं, ते?

छबूबाई : ह्याच्या वर दोन वळनं. तिथंच.

दिशा : सूर्यभानकाका दर दिवाळीला सांगायचे. 'छबूनं हात काढला आन् इंजिन गेलं.' सगळे हसायचे आणि तू उठून स्वयंपाकघरात जायचीस.

छबूबाई : हसायचं न्हाई तर काय करायचं लोकांनी?

दिशा : पण झालं काय होतं नेमकं? तू कधी बोलत नाहीस.

छबूबाई : काय हुनार? तू तीन वरसाची. दोन दिस ताप उतरंना. तिसगावच्या डाक्टरनं सांगितलं, आत्ताच्या आत्ता नगरला न्या. भर दुपार, वैशाखाचं ऊन. गाडीत आपन तिघंच. तुला मांडीवर घेतलेलं. एक हात तुझ्या कपाळावर, एक हात पत्र्यावर. घाट लागला आन् मला कळंना बाई. दोन्ही हात सारकेच भाजत हुते. धा मोजायला घ्यायची, चारापत्तुर जायची आन् तुझा श्वासच मोजत बसायची. तू डोळं फिरवलं. मग पत्र्याचं भान कुठलं? थांबा म्हनायचं राहूनच गेलं. आन् वरच्या वळनाला धाडकन आवाज. गाडी जागेवर.

दिशा : मग?

छबूबाई : कांद्याच्या ट्रकवाल्यानं घेतलं आपल्याला. तू वाचलीस, तेवढं खरं. पन गाडी बसली घरी. धनी धा महिने दुसऱ्याच्या गाडीवर राबले. माझ्या हातानं.

रंगनाथ : छबू.

छबूबाई : राहू द्या आता ते.

रंगनाथ : छबू, मला कळलं हुतं.

छबूबाई : काय कळलं हुतं?

रंगनाथ : इंजिन जळायला लागलंय ते. सीट भाजत हुती मला. तेल जळल्याचा वास आल्ता. आवाज तर खालच्याच वळनाला बदलला. ठोके जड झाले. तू थांबा म्हनली असती तरी मी थांबनार न्हवतो.

छबूबाई : काय म्हनताय तुमी?

रंगनाथ : थांबलो असतो तर निवायला अर्धा तास. पोरीकडं अर्धा तास हाय का न्हाई, कोनाला ठावं? म्हनलं, जळू दे. जिथपत्तुर नेईल तिथपत्तुर नेऊ दे.

दिशा : आप्पा, तुम्ही मुद्दाम...

रंगनाथ : व्हय. मुद्दाम जाळलं.

छबूबाई : आन् घरी आल्यावर? ओट्यावर सगळं गाव बसलेलं?

रंगनाथ : गाडी निम्मी दादाची. सूर्यभानदादानं इचारलं, इंजिन गेलं कसं? मी तोंड उघडायच्या आदी तूच म्हनलीस, माझा हात चुकला. दादा गप बसला. बाईमान्साला काय बोलायचं म्हनून गप बसला. मी बी गप बसलो. म्हनलं उद्या सांगू तुला. उद्या लाज वाटली. मग पुढं तर...

छबूबाई : चोवीस वरसं.

रंगनाथ : दादा गेला मागल्या साली. तवापासनं रोज म्हनतो, आज सांगू.

छबूबाई : त्याला हे इंजिन गरम व्हायला लागलं का? घरात तोंड न्हवतं तुमाला? दर दिवाळीला तुमी तिथं ओट्यावर बसून त्यांच्यात हसत हुता!

रंगनाथ : हसत न्हवतो.

छबूबाई : गप तरी हुता न्हवं? ते हसन्यापरीस वाईट. त्या दिसापासनं मी माझ्या हाताचं काय खरं धरलं न्हाई. पोरीला कनकन आली की शेजारच्या वाड्यावरनं बनुबाईला हाक मारायची. बघ गं बाई, तापलीय का? सख्खी आई असून.

दिशा : म्हणून बनुमावशी यायच्या?

छबूबाई : मग कशासाठी?

दिशा : मला वाटायचं, मी आजारी पडले की तुला कटकट होते. होस्टेलला असताना एकदा मलेरिया झाला, तेव्हा मी तुला कळवलंच नाही.

छबूबाई : कटकट? अगं पोरी, कटकट न्हवती. भरवसा न्हवता.

दिशा : आई, ऐक. मी रोज हेच काम करते. दोन वेगळ्या जागी सेन्सर लावले आणि दोन्ही आकडे सारखे आले, तर आम्ही म्हणतो, सेन्सर बिघडला असेल. कधीकधी सेन्सर बरोबर असतो. दोन्ही जागा तापलेल्या असतात. तुझा हात चुकला नव्हता. मी तापले होते आणि इंजिनही तापलं होतं.

रंगनाथ : रडतीय का ती?

दिशा : तुम्ही समोर बघा आप्पा. एकशे एकोणपन्नास झालं. निघू या का?

रंगनाथ : तिला इचार.

छबूबाई : मला कशाला इचारता? चालवा की. पोरं वाट बघत असतील तिकडं.

रंगनाथ : पहिल्यातच घेतो.

दिशा : एकशे साठ. सावकाश. हं, असंच. एकशे एकाहत्तर. आप्पा, हेच ते वळण?

रंगनाथ : हेच. तिथं एक लिंबाचं झाड हुतं, रस्त्यात गेलं. त्याच्या सावलीत तुला धरून उभी हुती ती, आन् मी येड्यावानी ट्रकांपुढं हात करत हुतो.

दिशा : एकशे ब्याऐंशी. पंच्याऐंशी. आकडा तिथेच थांबला. चढ संपला. आप्पा, चढली! आई, घाट चढली गं गाडी!

रंगनाथ : आता सपाटी. आता नगरपत्तुर नुसतं वारं खात जायचं. छबू, चार शिव्या दे. पन बोल.

छबूबाई : मेहेकरीपत्तुर मला काय बोलू नका.

रंगनाथ : आन् मेहेकरीच्या पुढं?

छबूबाई : तिथं म्हशीच्या दुधाचा चहा मिळायचा. अजून मिळतो का, ते बघू आदी.