सौरदीप्त कोण?

बंगालमधल्या कृष्णनगरच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारी एक बाई आपल्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला झापत होत्या. ऐकायचं नव्हतं, असं मला म्हणवत नाही.

"काकाबाबू, पोरगा उंचीत बसला, छाती फुगवली, पळण्यात पास झाला. पोलिसात जायला फक्त वागणुकीची चौकशी उरली होती. आणि तुम्ही दारात आलेल्या साहेबांना सांगितलंत, असा कुणी इथं राहतच नाही."

"भोंबलची आई, त्यांनी विचारलं सौरदीप्त हालदार. हा सौरदीप्त कोण?"

"आमचा भोंबल."

"मग भोंबल म्हणून विचारायचं. भोंबलला मी जन्मापासून ओळखतो. माझे पेरू चोरायचा तोच ना?"

"पेरूंचं नका काढू. साहेब उद्या शेवटचे येणार आहेत, हात जोडते."

"नाही काढत. पण शाळेतलं नाव घरात कधीतरी घ्यावं माणसानं."

"घरात कशाला? आपलं खरं नाव कुणी विसरतं का?"

आतून कंपाउंडरने पुकारलं, "लाबण्यप्रभा हालदार." कुणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं.

"कोण ही बाई? उठत का नाही?"

"असेल बिचारी बहिरी. तर काकाबाबू, उद्या नीट म्हणायचं, सौरदीप्त."

कंपाउंडर वैतागून दारात आला. "भोंबलची आई आली नाही का आज?"

"ही काय, कधीची बसलेय."