ह्यांना वाचा आली, पण कोरियन

...नाही, पण मी म्हणते, देवानं तरी थोडं समजून घ्यावं की नाही? बाई पदर पसरून रडतेय, हुंदक्यात एखादा शब्द राहून जातो! पण नाही. जे कानावर पडलं तेवढंच दिलं. म्हणून तुम्हाला सांगते, बायांनो, मागताना नीट मागावं.

आमचे हे शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत टीव्ही, मधे पडदा. दुपारी चारला मी माझी कोरियन मालिका लावायची, की पडद्यापलीकडून टोमणा आलाच, "रडायला सोळा भाग कशाला लागतात गं? तू तर एका कांद्यात मोकळी होतेस!" कधी डोकं आत घालायचे, तेही कुणाचा कोट बघायला. "खांदा बघ, खांदा कसा बसलाय!" गोष्टीशी काही देणंघेणं नाही. गोष्ट काय, तर एक कुंभार... कोट घालणारा, त्यांच्याकडे असतात... त्याची पहिली बायको विहिरीत गेलेली. ती रोज जेवणाच्या वेळी येते आणि दुसरीच्या पाठीमागे बसते. दुसरीला दिसत नाही, त्याला दिसते. आणि ती आली की एक गाणं वाजतं. शब्द थोडे, हुंकारच जास्त... आठवलं तरी अंगावर काटा येतो. ती नसेल तर ते गाणं एकदाही वाजत नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

नववा भाग झाला आणि ह्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ज्या घरात दिवसभर मशीन आणि टोमणे, त्या घरात नळाचा थेंब पडला तरी दचकायला व्हायचं! मी देवापुढे बसले. व्रतं काय कमी केलीत मी? मीठ सोडलं, चप्पल सोडली, एकदा महिनाभर मौन धरलं, तेव्हा हे म्हणाले होते, "ह्यात वर्षाचं नसतं का गं?" ह्या वेळी जिवापाड आवडतं ते सोडलं. म्हटलं, देवा, ह्या घरात पुन्हा बोलणं ऐकू येऊ दे, तोवर दहावा भाग बघणार नाही. बोलणं ऐकू येऊ दे! कुणाचं, ते म्हटलं नाही. कुठल्या भाषेत, तेही नाही. मागताना नीट मागावं!

चार महिने टीव्हीवर चादर. एक दिवस दुपारी ह्यांना भरवायला समोर बसले, आणि ह्यांच्या घशातून... गाणं! तेच गाणं! ज्या माणसाची शिट्टीसुद्धा बेसूर, तो सुरात गात होता! मी आनंदानं रडायला लागले. रडता रडता लक्षात आलं, हे माझ्याकडे बघतच नाहीयेत. माझ्या डाव्या खांद्याच्या मागे बघतायत. म्हटलं, शिंपी माणूस, ब्लाउजची शिवण बघत असतील. हळूच वळले. मागे भिंत. भिंतीशी मशीनची रिकामी खुर्ची, झटक्यानंतर आत आणून ठेवलेली.

बोलणं शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्या म्हणाल्या, "होतं असं. बोलणं जातं, गाणं राहतं. डोक्यात त्याची जागा वेगळी असते." म्हटलं, "आणि बघतात कुठे?" "कुठे बघतात?" म्हणून बाईंनी मान वळवली, आणि पर्स उचलली. पुन्हा आल्याच नाहीत. फोनवर म्हणाल्या, "तुमच्या घरात फार गार लागतं हो." भर उन्हाळ्यात!

मग हे बोलायला लागले. कोरियन! तेवढं मला नऊ भागांनी कळतं... "जेवलीस का?" एकतीस वर्षांत ह्या माणसानं मला कधी विचारलं नाही, जेवलीस का. आता विचारतात, ते माझ्या पाठीमागे! विचारायचं आणि थांबायचं. उत्तराची वाट बघतात ना, तसं.

मी ते, त्यापुढचं मला न कळलेलं आणि गाणंही फोनवर रेकॉर्ड केलं आणि वन्संना पाठवलं. ह्यांची ही धाकटी बहीण, हा नाद तिनंच मला लावलेला. लगेच फोन. "वहिनी, दादाला हे कुणी शिकवलं? हे तेराव्या भागातलं आहे!"

"अहो, तेरावा आमच्या घरात कुणी बघितलेला नाही."

तिनं रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकलं. मग, "आणि गाण्यामागे हुंकार देतंय ते कोण? तुम्ही ना?"

मी तर तोंडात पदर कोंबून बसले होते.

"वन्सं, शेवटी होतं काय? जाते का ती?"

"छे, सांगणार नाही! मजा जाईल!"

"मजा? अहो, माझ्या घरात बसलीय ती!"

"मग तुम्हीच बघा ना सोळावा!"

बघू कशी? बघितलं आणि व्रत मोडलं, तर आलेलं एवढंसं बोलणंही देव परत नेईल. मागणं पुरं झालं म्हणावं, तर देव म्हणेल, पोचलं ना, मग बस! आणि ह्यांच्या तोंडी जन्मभर कोरियन!

शेवटी एका दुपारी जीव मुठीत धरून मीच त्या खुर्चीवर जाऊन बसले. ओल्या फरशीसारखी गार! म्हटलं, आता तरी माझ्याकडे बघाल. ह्यांनी बघितलं. थेट डोळ्यांत. म्हणाले, "जेवलीस का?" त्याच भाषेत, पण मला भरून आलं हो! उत्तराला तोंड उघडलं... आणि माझ्या मांडीवरून... हो, मांडीवरूनच... एक दमलेला बायकी आवाज म्हणाला, "नाही."

किंचाळायला हवं होतं, मला कळतं. पण एवढे उपास केलेत मी, उपाशी बाईचा आवाज मला ओळखू येतो. राहवेना. उठले, जपून उठले, मांडीवरून कुणी पडायला नको, आणि तिसरं ताट काढलं. सवयीनं ह्यांच्या ताटात भात घालायला गेले, आणि हे बोलले. मराठी! स्वच्छ! झटक्यानंतरचं पहिलं मराठी वाक्य!

"तिला आधी वाढ."

मागताना नीट मागावं...

आता हे सगळं बोलतात, टोमण्यांसकट. पण ती खुर्चीत असेल तेव्हाच. एकदा तिचं ताट वाढायला उशीर झाला, तर ह्यांचं तोंड वाक्याच्या मधेच मिटलं. मी धावत ताट मांडलं, तेव्हा उघडलं! चारला मालिका लावते, लगेच रिमोट खुर्चीकडे जातो, तिघं बघतो. दहावा झाला, तेरावा झाला, पंधरावा झाला. सोळावा लावला की टीव्ही काळा, गाणं सुरू, आणि पुन्हा पहिला भाग! तीनदा झालं असं. वन्सं आता शेवट सांगायला तयार आहेत, मीच कानावर हात ठेवते. हे म्हणतात, "बघ! सोळा लागतच नाहीत, मी म्हणत नव्हतो?"

आता रोज देवापुढे बसते, एकेक शब्द जपून लावते. देवा, हे बोलत राहू देत, मराठीत. तीही जेवत राहू दे, पोटभर. आणि आठवड्यातून एक दिवस, निदान अर्धा तास, टीव्हीचा रिमोट माझ्या, म्हणजे माझ्याच, ह्या उजव्या हातात येऊ दे.