मामांचे कारखान्याचे बूट

दोष मामांचा, हे आधीच सांगून टाकतो. जर्मनीत आखनला इंजिनियरिंग सोडल्यावर जवळच्या आयफेलच्या जंगलातला एक म्हातारा फॉर्स्टर, म्हणजे वनाधिकारी, मला कामाला घ्यायला तयार झाला होता. अट एकच: आधी शिकारीच्या दिवशी रांगेत चालून रानडुकरं उठवून दाखवायची. मी बर्फात चालतील असे लोकरीच्या अस्तराचे बूट निवडले. पैसे मामा देणार होते, ते दुकानातच अडले.

"माझे फॅक्टरीतले सेफ्टी शूज ने. पुढे स्टील आहे, फोर्कलिफ्ट गेली तरी बोट मोडत नाही."

"अहो मामा, जंगलात फोर्कलिफ्ट कुठून येणार?"

"डिग्री सोडलेल्यानं मला शिकवू नये."

बर्फात ते स्टील इतकं गारठलं की दुपारपर्यंत माझी बोटं बधिर झाली. झिजलेला तळ उतारावर धरेना. मी आपटलो, रांग तुटली आणि डुकरं त्याच फटीतून पळाली.

फॉर्स्टरनं माझ्या पायांकडे बघितलं. "ज्याला स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत, त्याच्या हातात मी करवत देत नाही."

मामांना सांगितलं, तर म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर बोलला तो. तुला चालायची सवयच नाही."

मला व्हिसा त्या नोकरीवर मिळणार होता. नोकरी गेली, व्हिसा गेला, परवा मी पुण्याला परत चाललोय.