एलोयचा डावा गुडघा

नाही हो विभावरीकाकू, भिंतीवरच्या फोटोतला तो कुणी घरचा नाही, तो स्पॅनिश आहे. एलोय बाराओना. बास्केटबॉलचा सेंटर. आमच्या लग्नाचा फोटो तिकडे, फ्रिजवर – ही भिंत मी येण्याआधीच भरलेली होती ना. बसा, नीट टेकून बसा. देवव्रत सासूबाईंना घेऊन अवोन्डेलच्या बाजारात गेलाय, येतीलच. मेथीच्या जुड्या दिसल्या की त्यांचा पाय निघत नाही तिथून. तुम्ही पामर्स्टन नॉर्थहून एवढ्या लांबून आलात आणि घरात मी एकटी – बोलायला सगळ्यात निरुपयोगी माणूस. सासूबाई म्हणाल्या असतीलच फोनवर, सून गुणी आहे, फक्त तोंडात जीभ नाही. आलं चालतं ना चहात?

एलोयचं विचारा, ते मला पाठ आहे. गव्हाच्या शेतांमधलं खेडं, बाप पाव भाजायचा. चौदाव्या वर्षी पोरगा दारातून वाकून आत यायला लागला तसा माद्रिदच्या एका क्लबानं उचलून वसतिगृहात ठेवला. मग अमेरिका. पहिलं वर्ष नुसता बाकावर – भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, आईला फोन करून रडायचा म्हणे. आणि मग असा खेळला की दहा वर्षं त्याच्याशिवाय संघ मैदानात उतरेना, देशासाठी पदकं, गावातल्या चौकाला त्याचं नाव. हे सगळं मला देवव्रतनं जेवताना शिकवलं. तिकडची रात्रीची मॅच इथे ऐन वरणभाताच्या वेळी लागते. हातातला घास तसाच धरून तो सांगतो, "ऋचा, हे बघ, याला स्क्रीन म्हणतात." म्हणजे काय, तर सेंटरनं भिंतीसारखं उभं राहायचं, धडक आपण खायची, आपल्या आडोशानं दुसरा निसटतो, टाळ्या त्याला. मी म्हणते, हो का, छान. मी, काकू! सात वर्षं महाराष्ट्राकडून स्क्रीन लावलेली मी –

काय झालं? चहा पोळला का?

हो, खेळायचे. निघून गेलं तोंडातून. आता गेलंच आहे तर ऐका, नाहीतरी स्थळ तुम्हीच आणलंत. पत्रिकेआधी उंची जुळवलीत – पाच अकराच्या मुलीला सहा दोनचा मुलगा, आयटीत, हिल्सबरोला स्वतःचं घर, खिडकीतून समुद्र. आईनं तर तेव्हाच माझ्या कपाटातल्या ट्रॉफ्या माळ्यावर टाकल्या. खेळाचं एक वेळ चाललं असतं हो – पण खेळ सांगितला की गुडघा सांगावा लागतो. नागपूरच्या फायनलला उडी मारली ती उलटीच उतरले. लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, दोन स्क्रू आत आहेत अजून. आणि सासूबाईंनी बघायच्या कार्यक्रमात सरळ विचारलं, "मांडी घालून बसता येतं ना? काही ऑपरेशन वगैरे?" बाबा म्हणाले, छे छे. मी पोह्यांचा ट्रे घेऊन तिथेच उभी. तुम्हीही होतात की, खिडकीजवळच्या खुर्चीत.

मांडी घालते मी, न घालून सांगते कुणाला. पूजेनंतर उठताना चौरंगाला हात लावते, सासूबाईंना वाटतं नमस्कार करतेय. समुद्रावर सगळ्या बायका टॉग्ज, ते पोहायचे कपडे, घालून पाण्यात, मी पायघोळ लेगिंग्जमध्ये वाळूवर – "आमची सून किती सोज्वळ!" देवव्रतला व्रण दिसला – आता नवऱ्याला दिसणारच, हसताय काय – त्याला सांगितलं स्कूटीवरून पडले. त्यानं फुंकर घातली त्यावर. त्या दिवशी मला खरं सांगायचं होतं. पण एक सांगितलं की बाबा खोटे ठरतात, आणि बाबा खोटे ठरले की मग माझ्या घरचं काय काय खरं, हे सासूबाई मोजत बसणार.

आणि हा एलोय. मार्चमध्ये मॅच चालू होती आणि मी पोळी वाढता वाढता बोलून गेले, "हा डाव्या पायावर उतरत नाहीये." कॉमेंटेटर कुणी बोलला नव्हता. देवव्रत म्हणाला, "तू काय डॉक्टर आहेस?" पुढच्या आठवड्यात बातमी – डावा गुडघा, ऑपरेशन, निवृत्ती. टीव्हीवर पँट वर करून व्रण दाखवला त्यानं, आख्खं स्टेडियम उभं राहिलं! तेव्हापासून देवव्रत माझ्याकडे बघतो मधूनच. एकदा विचारलंही, "तू कधी खेळलीयस का गं?" मी तोंड उघडेपर्यंत सासूबाईच म्हणाल्या, "ही? ही तर पायरीसुद्धा जपून उतरते!"

सकाळी मी फिरायला जाते ना, ते फिरायला नाही. खालच्या पार्कात बास्केट आहे. तिथे परवा एक बाई आल्या, माओरी आहेत, बायकांच्या क्लबाच्या कोच. किया ओरा म्हणून त्यांच्या भाषेत नमस्कार केला, थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि पहिला प्रश्न काय – "कोणता गुडघा?" मला रडूच आलं एकदम. मंगळवारी प्रॅक्टिसला बोलावलंय. मला जायचंय काकू. इतकं कशाचंच वाटलं नाही मला इथे आल्यापासून. पण चोरून किती दिवस, संध्याकाळी गाडी देवव्रतच नेतो, मॅच असली की पहिल्या रांगेत तोच बसणार. म्हणून म्हणते, तुम्ही सांगा ना. तुमच्या तोंडून आलं तर सासूबाई ऐकतील. म्हणा, ऋचाच्या बाबांची चूक झाली, पोरीच्या काळजीनं –

का नको?

… तुम्हाला माहीत होतं?

म्हणजे बाबांनी सांगितलं होतं? आधीच? आणि तुम्ही म्हणालात, बोलू नका, एकदा मूलबाळ झालं की कोण विचारतंय. – हो. नाही, बरोबर आहे. तुमचाही शब्द अडकलाय त्यात. माझ्या भल्यासाठीच. हो ना. मी कुठे काय म्हणतेय?

गाडी आली वाटतं.

या आई. द्या ती पिशवी. – आम्ही काय, असंच, काकूंना चहा दिला. – अरे देवव्रत, हे काय, बास्केटबॉल? बाजारात मिळाला? चांगला आहे की, पकड छान आहे, म्हणजे – दिसतोय छान. कुणासाठी? … माझ्यासाठी? मला कशाला? नको, टाकू नकोस, अरे नको –

सुटला. नाही रे, लागलं नाही. मला कुठे येतंय झेलायला? बघा ना काकू, याचं आपलं काहीतरीच.

तुमचा चहा निवला. दुसरा टाकते.